सगळ्या तपासण्या पास झालेला बनावट मेल

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपचे सव्वादोन लाख रुपये एका मेलपायी गेले. पुण्याच्या पुरवठादाराचं बिल, सोबत एक ओळ: ऑडिट चालू आहे, पेमेंट नव्या खात्यात करा. लोगो तोच, सही तीच, खाली आमचाच जुना पत्रव्यवहार. (म्हणजे आमचा किंवा त्यांचा मेलबॉक्स कुणीतरी आधीपासून वाचत होतं.) अकाउंटवाल्या ताईंनी आरटीजीएस केलं. आठवड्याने पुरवठादाराचा फोन, "शेठ, पेमेंटचं काय झालं?"

मेल स्पॅममध्ये कसा गेला नाही म्हणून त्याचं हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याची लपलेली नोंद, काढलं. मेल पत्त्यातल्या डोमेनवरूनच (@ नंतरचा भाग) आलाय का हे बघणाऱ्या तिन्ही तपासण्या, एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास! भामट्याने पुरवठादाराचा पत्ता वापरलाच नव्हता. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' चिकटवून स्वतःचं डोमेन घेतलं आणि या तपासण्यांना लागणाऱ्या त्याच्या नोंदी चोख ठेवल्या. या तपासण्या म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. गाडीचा नंबर खरा आहे एवढंच बघतो, आतला माणूस कशाला आलाय ते नाही.

मेलचा एचटीएमएल, म्हणजे मागचा कोड, उघडल्यावर आणखी चलाखी दिसली. 'बँक', 'पेमेंट' या इंग्रजी शब्दांच्या मधे शून्य आकाराच्या फॉन्टमध्ये भलतीच अक्षरं पेरलेली. आपल्याला शब्द सरळ दिसतो, फिल्टरला मात्र त्याचा भुगा मिळतो. लिंकवर दिसणारा पत्ता एक, आतला दुसराच.

मग चिडून नियम लावला, दिसणारा आणि आतला पत्ता जुळला नाही की मेल अडवायचा. तर विम्याच्या हप्त्याची आठवणसुद्धा अडकली. घाऊक मेल पाठवणाऱ्या सेवा क्लिक मोजायला लिंक स्वतःच्या सर्व्हरवरून फिरवतात. मेल उघडला का ते कळवणारा अदृश्य पिक्सेल आणि प्रीव्ह्यूसाठी लपवलेली ओळ तर चांगल्या कंपन्यांच्या मेलमध्येही असते. त्यामुळे एकट्या खुणेवर आता मेल अडवत नाही. शब्द फोडून पेरलेली अक्षरं मात्र सापडली की सरळ बाहेर, सचोटीच्या माणसाला ती कशाला लागतील? ओळखीच्या पार्टीसारखं दिसणारं नवं डोमेन आलं की वर लाल पट्टी. जोडलेली एचटीएमएल फाइल बाजूला, कारण मेलमध्ये न चालणारी स्क्रिप्ट ती फाइल ब्राउझरमध्ये उघडली की चालते.

खातं बदलल्याचा मेल आला तर फोन करतो, तोही जुन्या बिलावरच्या नंबरवर. मेलमधला नंबर भामट्याचाच असणार.

पैसे गेल्याचं कळताच १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा. आम्ही लावला तोवर त्या खात्यात वीस हजार उरले होते. ते गोठवलेत, अजून हातात आलेले नाहीत.