पदकाची कड आधी वाचा, मग कुणाच्या हाती द्या

आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईवर गेले होते, एवढंच घरात ठाऊक. पुरावा म्हणाल तर आजीच्या पेटीतलं चांदीचं पदक. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसरीकडे घोडेस्वार आणि 1914, 1918 हे आकडे. सीताबर्डीवर ओळख झालेला एक जण म्हणाला, "लंडनहून सेवेचा दाखला काढून देतो." दोन हप्त्यांत 18,000 रुपये दिले. पडताळणीला मूळ पदक लागतं म्हणाला, तेही दिलं. पावती मागायची लाज वाटली, इतका तो 'दादा, दादा' करत होता.

तीन महिन्यांनी लॅमिनेट केलेला दाखला आला: 'महार रेजिमेंट, बसरा, 1916'. सोबत पणजोबांच्या नावाचं इंटरनेटवरून छापलेलं एक पान, आणि पदक परत.

मी फ्रेम करायला निघालो होतो. कामठीचे ओळखीचे निवृत्त सुभेदार दाखला बघून हसलेच. महार रेजिमेंट उभी राहिली 1941 मध्ये. त्याआधीची 111वी महार पलटण 1917 ची, तीही 1921 मध्ये मोडली. 1916 साली यातलं काहीच नव्हतं. ते पान कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचं, कुणालाही फुकट बघता येणारं. त्यात नोंद असते ती युद्धात मेलेल्यांची. आमचे पणजोबा तर नातवंडं खेळवून गेले! नामसाधर्म्याचा कुणी दुसरा बिचारा शोधून आमच्या गळ्यात मारला होता.

मग त्यांनी पदक उभं धरून फिरवलं. "नंबर कुठे आहे?"

त्या युद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. आमच्या हातातलं हलकं, चकचकीत, कड कोरी. नंबर आणि पलटण कळली असती तर पुढचा शोध नीट घेता आला असता. दाखला विकत घ्यायला निघालो आणि घरातला खरा दाखला त्याच्याच हाती दिला. पैशांचं दुःख त्यापुढे काहीच नाही.

आत्याला दाखवलं. तिने कडेवरून अंगठा फिरवला. "हे आपलं नोहे बाप्पा. मी चिंचेनं घासत होती, तवा अक्षरं अंगठ्याले लागत."

पोलिसांत तक्रार दिली आहे. त्यांनी मूळ पदकाचा फोटो मागितला. माझ्याकडे एकच आहे, समोरून काढलेला. त्यात कड दिसत नाही.