दोनशे तासांनंतर : इन्स्ट्रक्टर की टाइप रेटिंग?

देवगडच्या भाच्याचं पायलटचं कमर्शियल लायसन्स झालं. लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या वहीत, दोनशेच्या जरा वर तास, आणि डोक्यात कॉर्पोरेट जेट, म्हणजे कंपन्यांचं खासगी विमान. आता विमान शिकवणारा इन्स्ट्रक्टर व्हायचं की घरचे पैसे घालून थेट जेटचं टाइप रेटिंग, म्हणजे एका ठराविक जातीचं विमान उडवायची पात्रता, करायचं?

खर्चाचं विचाराल तर रेटिंग लाखांत जातं. इथल्या घरात म्हणजे एखादी कलमांची बाग गहाण. इन्स्ट्रक्टर रेटिंग त्यामानाने स्वस्त, वर पगार सुरू.

खरी मेख तासांची. टाइप रेटिंगमधलं बरंचसं उड्डाण सिम्युलेटरवर होतं. लॉगबुकातले प्रत्यक्ष विमानाचे तास त्याने फारसे हलत नाहीत. बहुतेक जेटवर कॅप्टनच्या खुर्चीसाठी एटीपीएल, म्हणजे पायलटचं सर्वात वरचं लायसन्स, लागतं, त्याला १५०० तास. शिकवताना ते साचतात, तेही पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी असलेला पायलट, म्हणून. पावसाळ्यात मात्र छोटी विमानं दिवसचे दिवस जमिनीवर. शिवाय हे तास पिस्टन इंजिनाचे. जेटवाले टर्बाइनचे, म्हणजे जेटसारख्या इंजिनाचे, विचारतात, आणि तिथे इन्स्ट्रक्टर मागे पडतो. रेटिंग वापरात नसेल तर तेही शिळं होतं.

को-पायलटची जागा लेखी हातात असेल तरच रेटिंग कर रे बाबा. नुसता 'बघू' असा शब्द असेल, किंवा कर्ज काढावं लागत असेल, तर शिकवायला लाग.