पिक विकावा की पेरावा?

सप्टेंबरअखेर ग्रँड फायनल आटोपली की ऑक्टोबरात एएफएलचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचा, दुसरा खेळ सुरू होतो: क्लबांमधले खेळाडूंचे सौदे. इथे आयपीएलसारखी बोली लागत नाही. पैसे मोजून दुसऱ्याचा खेळाडू उचलता येत नाही. पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, ठरलेल्या क्रमांकावर निवडायचा हक्क) आणि खेळाडू यांचीच अदलाबदल चालते. तळाच्या संघाला ड्राफ्टमध्ये पहिला पिक, म्हणजे अठरा वर्षांच्या पोरांतून पहिली निवड. पिक म्हणजे उभं पीक नव्हे, बियाणं. तेव्हा आपल्या क्लबने ते विकून तयार खेळाडू आणावा की पेरून वाट पाहावी, हे ठरवण्याआधी तीन सौदे शेजारी ठेवून बघा.

पेरणाऱ्यांचा आवडता दाखला हॉथॉर्न क्लबचा. २००१ मध्ये त्यांनी ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅकफार्लिन हे दोन तरुण फ्रीमँटलला देऊन १, २० आणि ३६ क्रमांकाचे पिक घेतले. पहिल्यावर ल्यूक हॉज आला, ३६व्यावर सॅम मिचेल. विसाव्यातून फारसं काही उगवलं नाही. मिचेलने २००८चं विजेतेपद कर्णधार म्हणून जिंकलं, हॉजने २०१३ ते २०१५ अशी सलग तीन. गंमत म्हणजे क्रोड दोन मोसमांनी परत आला आणि २००८च्या विजेत्या संघातही होता! पण मधली सात वर्षं कोणी सांगत नाही. सौदा झाला त्या वर्षी हॉथॉर्न प्रिलिमिनरी फायनलपर्यंत, म्हणजे उपांत्य सामन्यापर्यंत, गेलं होतं. २००४ मध्ये ते सोळांत पंधरावं होतं. त्या घसरणीमुळेच त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये रफहेड आणि फ्रँकलिन हे पुढचे मोठे खेळाडू हाती लागले. एकट्या सौद्याने कप आला नाही.

उलट टोक कार्लटन. २००७ अखेर ख्रिस जड आणण्यासाठी त्यांनी वेस्ट कोस्टला तरुण जॉश केनेडी, तिसरा पिक आणि विसावा पिक दिला. जड अस्सल निघाला, मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक २०१०ला त्याने कार्लटनकडून घेतलं. पण त्याआधी २००५ आणि २००६ला तळाला असलेल्या संघात त्याच्या तोडीचे होते कोण? कार्लटनचा शेवटचा कप १९९५चाच राहिला. केनेडीने वेस्ट कोस्टसाठी ७१२ गोल केले आणि २०१८चं विजेतेपदही पाहिलं. माझ्या मते चूक जडला आणण्यात नव्हती, वेळ चुकली. घर बांधायच्या आधी झुंबर आणलं.

जिलाँगने २०२० मध्ये हेच केलं आणि साधलं. जेरेमी कॅमेरनसाठी तीन पहिल्या फेरीचे पिक जीडब्ल्यूएसला दिले. आयझॅक स्मिथ हॉथॉर्नकडून फ्री एजंट म्हणून, म्हणजे करार संपून मोकळा होऊन, आला, त्याच्यासाठी पिक द्यावाच लागला नाही. संघ त्याच वर्षी ग्रँड फायनल हरला होता, म्हणजे उणीव थोडीच होती. २०२२ मध्ये सिडनीला ८१ गुणांनी चिरडलं, स्मिथ सामन्यातला सर्वोत्तम ठरला. ग्रँड फायनलला उतरलेला इतका वयस्कर संघ त्याआधी नव्हता.

तेव्हा आधी आपल्या यादीतल्या उत्तम आठ-दहा जणांची वयं लिहून काढा. बहुतेक सत्तावीस-अठ्ठावीसच्या पुढचे आणि संघ फायनल्समध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेरीत) असेल, तर पिक विका. ही फळी पेरलेलं उगवेपर्यंत थांबणार नाही. बहुतेक बावीसच्या आतले असतील तर एकही पहिल्या फेरीचा पिक देऊ नका, मोठं नाव दारात उभं असलं तरी. मधल्या संघाचं दुखणं कठीण. तिथे मी फ्री एजंटकडे बघेन, आणि तिशीच्या उंबरठ्यावरचा चांगला खेळाडू मागणी असतानाच सोडेन.

पिकांच्या भावाचं कोष्टक, म्हणजे कुठल्या क्रमांकाला लीग किती गुणांची किंमत धरते ते, जपून वापरा. २०१५ला आलेल्या कोष्टकात पहिल्या पिकला ३००० गुण होते, ३६व्याला ५०२. मिचेल कुठे मिळाला ते वर आलंच आहे. पुढच्या वर्षांचे पिक आज देता-घेता येतात, तिथे आणखी एक हिशेब आहे. टास्मानियाचा नवा संघ २०२८ला उतरणार आहे. त्याला सवलतीचे वरचे पिक मिळणार, बाकीच्यांचे खाली सरकणार. त्या सुमाराचा पिक कोणी ‘पहिल्या फेरीचा’ म्हणून पुढे केला, तर भाव कमी धरूनच बोला.