लातूरची 10 मीटर नेमबाजी रेंज : नवी रायफल घ्यायच्या आधी एकदा इथं जाऊन या

पोरगी दीड वर्षापासून एअर रायफल मारतीय, आधीच्या रेंजवर (नाव लिहित नाही) चार महिने एकच ऐकत होतो की रायफल जुनी झाली, ग्रुपिंग (छर्रे जवळजवळ एकाच जागी पडणं) देत नाही, नवीन इम्पोर्टेड घ्या. सोयाबीनचे पैसे आले की दोन लाख घालायचे असं घरात ठरलं पण होतं. त्यात एकानं सांगितलं म्हणून औसा रोडच्या ह्या रेंजवर गेलो.

इथल्या कोच सरांनी आधी पोरीला मारायलाच लावलं नाही. तीच जुनी रायफल टेबलावर क्लॅम्पमध्ये कसली, पाच छर्रे मारले आणि कार्ड (टार्गेटचा कागद) माझ्या हातात दिलं. एकच भोक, कडा जरा फाटलेल्या, बस. मग पोरीनं पाच मारले तर 7 पासून 9 गुणांपर्यंत पसरले, सगळे डावीकडं.

"बाळा, डोळे मीट, रायफल लाव, आता उघड." साईट (रायफलवरची नेम धरायची खूण) डावीकडंच गेलेली! म्हणजे ती दरवेळी अंगाच्या जोरानं ओढून मधी आणायची आणि ट्रिगर दाबताना अंग परत आपल्या जागी जायचं. सरांनी तिला मागचा पाय थोडा थोडा सरकवायला लावला, डोळे उघडल्यावर साईट आपोआप मधी येईपर्यंत, दहा-बारा वेळा तरी. पुढच्या-मागच्या दोन्ही साईटमधलं अंतर 80 सेंटिमीटर धरलं तर पुढची साईट 1 मिलिमीटर हलली की कार्डावर छर्रा साडेबारा मिलिमीटर लांब जातो, 10 चा थेट 6, आणि 10 चा ठिपका तर अर्ध्या मिलिमीटरचा. हे मला दीड वर्षात कुणी सांगितलंच नव्हतं, लई वाईट वाटलं.

सामानाचा दोष नसतोच असं पण नाही बरं का. आमचा स्वस्तातला छर्‍यांचा डबा क्लॅम्पवर मारून बघितला तर भोक चांगलंच पसरलं, सरांनी तीन वेगळे डबे मारून त्यातला एक निवडून दिला. खर्च झाला तो तेवढाच.

कमी सांगायची तर पत्र्याचं शेड आहे, मे महिन्यात दुपारी नेमबाजीचं जाड जॅकेट घालून उभं राहवत नाही. पॅरिसला 2024 मध्ये स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळाल्यापासून पोरं पण वाढलीत, रविवारी रायफलच्या सिलेंडरमध्ये हवा भरायला अर्धा तास जातो. शक्यतो सकाळी सातची बॅच घ्या, सर तेव्हा एकेकाच्या मागं उभे राहून बघतात.