समुद्राच्या खाऱ्या पाण्याचं गोडं करणारा प्लांट : ग्रुप व्हिजिट, ५ पैकी साडेतीन

आम्ही तीसेक जण गेलो होतो, व्हिजिट दोन तासांची. त्यातला पहिला अर्धा तास हॉलमध्ये बसवून स्लाइड्स, उद्घाटनाचे फोटो वगैरे, ते वगळलं तरी काही अडत नाही.

मग हेल्मेट, इअरप्लग देऊन पंप हॉलमध्ये नेलं आणि इथेच घोळ झाला. आवाज एवढा की गाइड काय बोलतोय ते पुढच्या चार जणांनाच कळत होतं, बाकीचे नुसते माना डोलावत उभे. मी शेवटी सरळ पुढे घुसलो. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, ते मागे ठेवून पाणी मेंब्रेनमधून, म्हणजे मीठ अडवणाऱ्या पातळ पडद्यातून, ढकलायचं तर ५५ ते ७० बार (हवेच्या दाबाच्या साधारण तेवढ्या पट) प्रेशर लागतं, म्हणून हा सगळा धडधडाट!

खरी मजा कापून ठेवलेल्या मेंब्रेनमध्ये. ८ इंच व्यासाचं, ४० इंच लांब नळकांडं, आत चटई गुंडाळावी तसे पापुद्रे आणि मधे मधे बारीक जाळी. हात लावू दिला, चक्क प्लास्टिकच्या कागदासारखं लागतं, आणि मीठ अडवणारा त्यावरचा थर तर केसापेक्षा शेकडो पटीने पातळ.

दुसरं आवडलं ते प्रेशर एक्सचेंजर. उरलेलं खारट पाणी बाहेर पडतं तेव्हा त्यात प्रेशर शिल्लक असतं, ते वाया न घालवता नव्याने आत येणाऱ्या पाण्याला देतात, म्हणून हजार लिटरला तीन-चार युनिट विजेवर भागतं. पाणी प्यायलाही दिलं, मेंब्रेनमधून निघालेलं एकदम सपक, मग चुनखडीतून फिरवलेलं जरा बरं. आधी सगळे क्षार काढा आणि मग थोडे परत घाला, असा कारभार.

दीड स्टार कापला त्यातला अर्धा आवाजाचा, एक ब्राइनचा, म्हणजे त्या उरलेल्या खारट पाण्याचा. १०० लिटर आत घेतले तर गोडं पाणी ४०-४५ लिटर, बाकीचं जवळपास दुप्पट खारट होऊन परत समुद्रात. तिथल्या माशांचं काय, विचारलं तर "डिफ्यूझर लावलेत" (ते खारट पाणी समुद्रात पसरवून सोडणारी तोंडं) एवढंच उत्तर आणि लगेच चला चला, बस उभी आहे. आउटफॉल, म्हणजे ते पाणी समुद्रात सोडतात ती जागा, लांबूनसुद्धा दाखवला नाही.

जाणार असाल तर दहा-बारा जणच जा आणि बंद बूट घाला, आमच्यातले दोघं सँडल घालून आले म्हणून पूर्ण वेळ गेटवरच बसले.