सेप्टिक टँक: तुंबल्यावर गाडी बोलवावी की पाळी ठरवून ठेवावी?

पुण्याजवळ भूगाव, वाघोली, मांजरी या बाजूला ज्यांची घरं आहेत आणि ड्रेनेज लाइन अजून दारापर्यंत आलेली नाही, त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. टाकी तुंबली की सक्शनची गाडी बोलवायची, नाहीतर एखाद्याशी दर दोन-तीन वर्षांनी उपशाची पाळी ठरवून ठेवायची. आम्ही दोन्ही करून पाहिलं.

तुंबल्यावर बोलावण्यात हिशेब वाईट नाही. घरात दोघंच, टाकी ऐसपैस, जमीन मुरमाड असेल तर उगीच पैसे का घालवायचे? हा मुद्दा मी खोडणार नाही. गाळ जिरावा म्हणून टाकीत टाकतात त्या बॅक्टेरिया पावडरीने मात्र आमच्याकडे वास थोडा कमी झाला, गाळ होता तिथेच राहिला.

माझं मत फिरलं ते एका त्रासामुळे. टाकी तुंबते नेमकी पावसाळ्यात, कारण टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा काळ्या मातीत असला की तेव्हा पाणी घेत नाही. गाडीवाल्यांना सगळीकडून बोलावणी. ते येतात, पहिल्या कप्प्यात पाइप सोडतात, वरचं पातळ पाणी ओढतात, टँकर भरला की फेरीचे पैसे घेऊन जातात. तळाचा घट्ट गाळ, जो खरं तर काढायचा असतो, तो जागच्या जागी! थोड्याच दिवसांत संडासातलं पाणी पुन्हा रेंगाळायला लागतं. तोच गाळ पुढे वाहत जाऊन शोषखड्डा बुजवतो, आणि नवा खड्डा खणण्याचा खर्च उपशाच्या कितीतरी पट. घरात म्हातारी माणसं असताना ‘दुसरंही झाकण उघडा’ म्हणून हटून बसायचं त्राण त्या वेळी कुणात नसतं.

त्या घाईतच ‘माणूस उतरवून ढवळून देतो’ असंही कुणी सुचवतं. याला ठाम नकार द्या. 2013 च्या कायद्याने त्याला बंदी आहे, आणि टाकीतला विषारी वायू, हायड्रोजन सल्फाइड, जास्त असला की नाक बधिर होतं, वास जाणवतच नाही. माणूस दोन श्वासांत कोसळतो.

पाळीवाला एप्रिल-मेमध्ये सवडीने येतो. दोन्ही झाकणं उघडून ठेवतो, लांब काठीला पांढरा पंचा गुंडाळून तळापर्यंत घालतो. काळा डाग कुठवर चढला त्यावरून गाळ कळतो. खोलीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आला की उपसा. पाण्याचा झोत मारून गाळ सैल करतो, मगच ओढतो, आणि जिवाणूंसाठी तळाशी थोडा मुद्दाम ठेवतो. आमचा शोषखड्डा तेव्हापासून पावसाळ्यातही तग धरून आहे. वाईत नगरपालिकेने 2018 पासून गावभर तीन वर्षांची पाळीच लावली. आपल्याकडच्या बंगलेवाल्यांना ती स्वतः जमवावी लागते.

पाळीलाही कटकटी आहेत. तीन वर्षांनी तोच माणूस फोन उचलेल याची खात्री नाही, दरही वाढलेला असतो. तरी घरात चार-पाच माणसं आणि काळी माती असेल, तर मी पाळीच सुचवेन. बोलणी करताना पैसे फेरीवर ठरवू नका, दोन्ही कप्प्यांतला तळाचा गाळ काढण्याचे ठरवा. मैला कुठल्या प्रक्रिया केंद्रात नेणार तेही विचारा. उत्तर देताना घुटमळला तर दुसरा माणूस बघा. आणि पाइपची लांबी आधीच सांगून ठेवा, आमच्या बोळात गाडी वळत नाही.