विजापुरात एकच सकाळ: गोल घुमट की इब्राहिम रोजा?

सोलापूरहून विजापूर शंभरेक किलोमीटर. पहाटे निघून संध्याकाळी परतणारे पुष्कळ. अशा धावत्या फेरीत उन्हाच्या आधीची शांत सकाळ एकाच ठिकाणाला देता येते, कारण घुमट शहराच्या पूर्वेला आणि रोजा, म्हणजे इब्राहिम आदिलशहाची कबर आणि मशीद, पार पश्चिमेला, तटाबाहेर. मी दोन्ही क्रमांनी जाऊन आलोय, म्हणून हे चार शब्द.

घुमटाचा व्यास ४४ मीटर वगैरे तुम्हाला ठाऊक असेल. आत शिरल्यावर मात्र आकडा आठवत नाही. एवढ्या दालनात मध्ये एकही खांब नाही. एकमेकींत गुंतलेल्या कमानी खालच्या चौकोनाचा वर गोल करत नेतात, आणि मान दुखेपर्यंत पाहिलं तरी चौकोन नेमका कुठे संपला ते सापडत नाही. खाली कबर मुहम्मद आदिलशहाची. शहाजीराजे ज्याच्या चाकरीत होते, तोच हा. बांधणारा याकूत दाभोळचा होता असं सांगतात. हे ऐकल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी घुमट थेट रत्नागिरीच्या, म्हणजे माहेरच्या, खात्यात जमा केला.

पण लोक जातात ते वरच्या सज्जासाठी, जिथली कुजबूजही पलीकडच्या टोकाला ऐकू येते. कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा अरुंद, उभा जिना, सात मजले, चढणारे-उतरणारे एकाच वाटेने. वर पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते आणि शाळेच्या दोन सहली आमच्या आधी वर होत्या. एक शिट्टी इथे सात ते दहा वेळा परत येते. पन्नास मुलांचं काय होतं ते तुम्हीच ताडा. पलीकडच्या भिंतीशी उभी राहून ही काहीतरी कुजबुजली. मला फक्त ‘ओऽऽऽ’ ऐकू आलं. काय म्हणाली ते अजून सांगत नाही.

पुढच्या खेपेला दार उघडताच गेलो. पाच-सात मिनिटं खरोखर मिळाली. तिने पलीकडे बसचं तिकीट फाडलं आणि तो टर्रकन आवाज माझ्या कानाशी झाला. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू! तेवढ्यात चार तरुण वर आले आणि एकाने आपल्या मित्राचं नाव घेऊन आरोळी ठोकली. मुलांचं चुकतं असंही नाही म्हणा. जागाच ओरडायला लावते. माझी अडचण एवढीच की इथलं नवल दुसऱ्यांच्या गप्प राहण्यावर अवलंबून आहे.

रोजाचं तसं नाही. दुसरा इब्राहिम आदिलशहा हा गाण्याचा वेडा. ‘किताब-ए-नौरस’ हा गीतांचा ग्रंथ लिहिणारा, सरस्वतीला वंदन करणारा. त्याची कबर आणि मशीद एकाच चौथऱ्यावर समोरासमोर, मधे हौद. मशिदीच्या छज्जाखाली दगडी साखळ्या लोंबतात, कड्यांसकट कोरलेल्या. ताजमहालाची कल्पना इथूनच घेतली असं गाईड सांगतात. ते सोडून द्या. कबरीच्या ओवरीत सावकाश फिरा. खिडक्यांना जाळी आहे ती अक्षरांची. दगड कोरून काढलाय आणि उरलीय ती लिपी. आतून पाहिलं की उजेड त्या अक्षरांमधून झिरपतो. मला फारसी-अरबी वाचता येत नाही, तरी मी एका खिडकीपुढे अर्धा तास होतो. आत डोक्यावर सपाट दगडी छत, खालून आधार दिसत नाही. एक माळी झाडत होता, बाकी कोणी नव्हतं. असतं तरी बिघडलं नसतं.

लहान मुलं बरोबर असतील तर घुमटच आधी करा, त्यांना रोजात दहा मिनिटांत कंटाळा येईल. गुडघे कुरकुरत असतील तरीही घुमट सकाळीच, उन्हात तो जिना नको. आमच्या घरातही मत फुटलेलं आहे. तिकीट फाडणारी अजून घुमटाच्याच बाजूची.

बाकी मला विचाराल तर पुढच्या वेळी मी टांगा आधी रोजालाच नेईन, आणि वाटेत शेरझा बुरुजावरची मुलूख मैदान तोफ बघेन. आपल्या अहमदनगरात ओतलेली आहे ती. घुमट काय, परतीच्या गाडीची वाट बघताना स्टेशनाकडूनही दिसतो.